माणात जाऊन मंगळ काढला

ही हकिकत कट्ट्यावर इतक्या वेळा सांगून झाली आहे की तिच्यातला मेंढा आता हत्तीच्या पिल्लाएवढा झाला आहे. छापायची म्हणून त्याला पुन्हा मेंढ्याएवढा केला आहे. फार तर रेडकाएवढा. त्याहून खाली उतरणं मला जमणार नाही.

तर, मिरजेला आभाळ आहे, पण ते वापरात नाही. जंक्शनातली इंजिनं दिवसभर धूर सोडतात, संध्याकाळी कृष्णेकडून धुकं येतं, आणि त्या दोघांची गाठ पडली की मंगळ दिसतो तो राख धरलेल्या निखाऱ्यासारखा. मला हे ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. मी तंबोरे करणारा माणूस. मान वर केली तर आढ्याला टांगलेला भोपळा वाळला का, एवढंच बघणार. पण माझा दोस्त वसंता मिरजेतल्या एका इस्पितळात एक्स-रे काढतो, आणि दिवसभर माणसांच्या आतलं बघून कंटाळला की संध्याकाळी जगाच्या बाहेरचं बघत बसतो.

दुर्बिणीचा आरसा त्यानं स्वतः घासला. बायको पाट्यावर चटणी वाटायची आणि हा तिच्या शेजारी बसून काच घासायचा. त्या वर्षी त्यांच्या घरी जेवलेल्या प्रत्येकाच्या पोटात थोडं विज्ञान गेलेलं आहे. नळी मात्र माझी. तुणाच्या लाकडाची, तंबोऱ्याला करतो तसं पॉलिश, आणि तोंडाशी वेलबुट्टी. वसंता म्हणाला, नक्षी पाहून ग्रह जवळ येत नाहीत. मी म्हटलं, पण आलेच, तर घर बघून बसतील तरी.

वसंताचं एक व्रत आहे. दिसेल तेवढंच बोलायचं. हाड मोडलंय किंवा मोडलेलं नाही. ‘जरासं मोडलंय’ हे शब्द त्याच्या तोंडून मिरजेत कुणी ऐकलेले नाहीत. माझं व्रत काय आहे ते तुम्हाला एव्हाना कळलंच असेल. अशी दोन माणसं एका दुर्बिणीला दोन बाजूंनी धरून निघाली, म्हणून ती दुर्बीण मधोमध राहिली.

त्या वर्षी दुष्काळ नुकता सरला होता आणि मंगळ नेमका दिवाळीच्या अमावास्येला पृथ्वीच्या अगदी जवळ येणार होता. वसंताला त्याचा फोटो काढायचा होता. नुसतं बघून भागत नव्हतं, काढून भिंतीवर लावायचा होता.

कुंडल

पहिला मुक्काम वसंताच्या सासुरवाडीला. सासूबाईंनी जावयाला ओवाळलं, मग मला ओवाळलं, आणि जावयानं एवढ्या लांबून आणलेली वस्तू म्हणून दुर्बिणीलाही कुंकू लावून ओवाळलं. वेलबुट्टीचं चीज झालं ते तिथंच.

मंगळाचं मात्र काही जमलं नाही. कुंडलला जमिनीतून ऊस येतो तसा आभाळातूनही येत असावा. अंगणाच्या चारी बाजूंना तो असा माजला होता की आभाळ विहिरीच्या तळातून बघावं तेवढंच उरलं होतं. उरलेल्यात गुऱ्हाळाचा धूर. वासानं भूक लागायची आणि धुरानं डोळ्याला पाणी यायचं. तरीही मंगळ उसाच्या शेंड्यावर येईल तेव्हा बघू म्हणून थांबलो, तर त्याच वेळी पानं वाढली. सासूबाईंनी जावयाच्या पानात वाढलेल्या शेवया उलगडून सरळ केल्या असत्या तर कुंडलहून मंगळापर्यंत पोचल्या असत्या आणि थोड्या परत आणाव्या लागल्या असत्या. जेवणानंतर वसंताला दुर्बिणीला डोळा लावायला वाकता येईना. तो अंगणात ताठ उभा राहून म्हणाला, “उद्या माणात.”

विट्याच्या पुढं

विटं सोडलं की ऊस संपतो आणि मायणीपाशी माणसाला कळतं की आपण आतापर्यंत आडोशाला राहत होतो. उघडे माळ, हुलग्याची रानं, बाभळी, आणि एवढं आभाळ की एसटीत बसल्या जागी टोपी सांभाळावी. आमच्याकडं माणूस दहा हातांवर आला तरी उसातून दिसत नाही. माण तालुक्यात तो क्षितिजावर दिसायला लागतो. त्याच्यासाठी चहा ठेवावा, तो उकळावा, वाट बघून आपणच प्यावा, दुसरा ठेवावा, तेव्हा तो येऊन “राम राम” म्हणतो.

कंडक्टरनं नळीवरची नक्षी बघून विचारलं की भजनाला कुठं निघालात. वसंता म्हणाला, मंगळाचा फोटो काढायला. कंडक्टर पुढं सरकला आणि पुढच्या दोन गावांत त्यानं उतारूंना काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. आलं असतं तर पुढचा घोटाळा झाला नसता.

वाडी

दहिवडीच्या पुढं एक वाडी आहे. घरं थोडी, मेंढरं बक्कळ. तिथले धोंडिबा आदल्या वर्षी पाय मोडून मिरजेला आले होते. वसंतानं त्यांच्या पायाचा एक्स-रे काढला होता, आणि पाय बरा झाला तो डॉक्टरांनी जोडल्यामुळं नसून वसंतानं काढल्यामुळं, अशी धोंडिबांची पक्की समजूत होती. “आमच्याकडं या एकदा, आभाळ लय मोकळं हाय,” असं आमंत्रण तेव्हाचंच.

आम्ही पोचलो तर वाडीच्या तोंडाशी माणसं उभी. आमच्याकडं पाहुण्यांची एवढी वाट फक्त मुलीकडची मंडळी बघतात. बाजरीची भाकरी, लसणीची चटणी आणि हुलग्याचं माडगं पुढं आलं. माडगं म्हणजे हुलग्याच्या, तुमच्या कुळथाच्या, पिठाची दाट कढी. ते पोटात गेलं की माणूस बसल्या जागी भिंतीसारखा पक्का होतो. चौथी वाटी संपवून मी वर बघितलं तर समोर ओळीनं बाप्ये बसलेले, त्यांच्यामागं बायका, आणि सगळ्यांचे डोळे वसंताच्या हाताकडं.

धोंडिबांनी ओळख करून दिली, “ह्ये डाक्टर. माझ्या पायातलं ह्येंनीच काढलं. आता मंगळ काढाया आल्यात.”

वसंता म्हणाला की तो डॉक्टर नव्हे, आणि मंगळ काढायला आलेला नाही, मंगळाचा फोटो काढायला आला आहे.

“त्येच की,” धोंडिबा म्हणाले.

आता मराठी भाषेचं बघा. दात काढतात तेव्हा तो तोंडात राहत नाही. काटा काढतात तेव्हा तो पायात राहत नाही. फोटो तेवढा काढला तरी माणूस जागच्या जागी. हा एकच अपवाद आणि तो शहरातला. तिथं बसलेल्या मंडळींनी बहुमताचा नियम धरला होता. दोन बाया कडोसरीतून पत्रिका काढून तयारच होत्या.

धोंडिबांचं दुखणं घरातलंच होतं. त्यांची लेक हौसा. तिचं तानाजीशी जमत आलं होतं. तानाजी पलीकडच्या गावचा, पलटणीत शिपाई, दिवाळीच्या रजेवर आलेला. पोरगं-पोरगी एकमेकांना पसंत. पण तानाजीला वाढवलं त्याच्या आत्यानं, आणि ही सोनाआत्या म्हणजे दरारा असा, की म्हणे तिनं हाक मारली की पलीकडच्या डोंगरावरचा मेंढा माघारी वळतो. जोश्यानं बोटं मोजून सांगितलं की हौसाला मंगळ आहे, कडक. आत्या म्हणाली, शिपायाच्या घरात मंगळाची सून आणायची म्हणजे गोळीला पत्ता सांगण्यासारखं. भाऊबीज झाली की तानाजीची रजा संपणार. त्याच्या आत सुपारी फुटली तर फुटली, नाही तर आत्यानं दुसरी सोयरीक बघून ठेवलीच होती. आणि अशात आम्ही मंगळ काढायला आलो.

मी वसंताच्या कानात म्हटलं, गप्प बस. तो म्हणाला, खोटं बोलणार नाही. मी म्हटलं, खोटं बोलायला मी आहे, तू नुसता गप्प बस.

हात धुवायला हौसानं पाणी आणलं. पाऊस झाला होता, विहिरीला पाणी होतं, तरी ती ते वाटीवाटीनं घालत होती. आमच्याकडं तूपसुद्धा इतक्या जपून कुणी वाढत नाही. आसपास कुणी नाही असं बघून ती मला म्हणाली, “दादा, फोटू म्हंजी फोटूच न्हवं?”

मी म्हटलं, हो.

“मला ठावं हाय. आत्तीला न्हाई. त्या तुमच्या डाक्टरला तेवढं कळू द्या.”

अमावास्या

अंधार पडता पडता माळावर दुर्बीण मांडली. पश्चिमेला शुक्र होता, पहिल्यांदा तो दाखवला. दुर्बिणीतून तो अर्ध्या चंद्रासारखा दिसतो. एक म्हातारबाबा डोळा लावून म्हणाले, “अर्धा कुणी खाल्ला?” मग गुरू दाखवला, शेजारी त्याचे चंद्र. बायकांनी त्याला पोराबाळांचा धनी म्हणून पास केलं. तेवढ्यात पूर्वेकडं मंगळ चांगला वर आला. मिरजेत तो निखारा होता, इथं जाळ होता. ज्यांनी ज्यांनी त्याच्यापायी लग्नं मोडलेली पाहिली होती ती सगळी माणसं त्याच्याकडं सरकारी माणसाकडं बघावं तशी बघत होती.

तेव्हाच सोनाआत्या आली. बरोबर तानाजी, मुलकी कपड्यातही सावधान. आत्यानं कुणाला राम राम केला नाही. तिनं पदर खोचला, दुर्बिणीपाशी आली, डोळा लावला आणि किती तरी वेळ काढलाच नाही.

“एवढाच?” ती म्हणाली. “मसुराएवढा?”

“लांब आहे,” वसंता म्हणाला.

“लांब हाय तवा एवढं करतो,” आत्या म्हणाली. “काढा.”

वसंतानं कॅमेरा चढवला. कॅमेरा चढला की डोळ्यानं बघता येत नाही. शेजारच्या बारक्या नळीतून नेम धरायचा आणि बटण दाबायचं. त्यानं नेम धरला, मला म्हणाला हलू नको, सगळ्यांना म्हणाला श्वास धरा. माळावर माणसांनी श्वास धरला. मेंढरांनी धरला असं मी कट्ट्यावर सांगतो. एकानं धरला नव्हता.

धोंडिबांचा मेंढा, नाव पैलवान. मंगळ त्या दिवाळीत मेष राशीत होता, आणि मेष म्हणजे मेंढा. आपल्या घरात उतरलेल्या पाहुण्यावर दुर्बीण रोखलेली त्याला खपली नसावी. वसंताचे पहिले काही फोटो झाले आणि अंधारातून पैलवान आला तो खाली मुंडी घालून. ठरल्याप्रमाणं रेडकाएवढा होता. ढुशी दुर्बिणीखालच्या तीन पायांच्या तिकाटण्याला बसली. नळी गोल फिरली, वेलबुट्टी तानाजीच्या पोटात गेली, आणि तानाजीनं दोन्ही हातांनी नळी झेलून तशीच पोटाशी धरली. पलटणीतली शिस्त. पैलवानाला हौसानं कानाला धरून नेला.

वसंतानं नळी जागेवर बसवली, नेम धरला आणि उरलेली फिल्म संपवली. नेमाच्या नळीत मंगळ अगदी मधोमध होता. पण ढुशीनं मोठ्या नळीचा एक स्क्रू ढिला झाला होता, आणि प्रत्येक फोटोगणिक मोठी नळी केसभर लवत होती. हे आम्हाला कळलं दुसऱ्या दिवशी. त्या वेळी वसंता एवढंच म्हणाला, “झालं.”

“निघाला?” आत्यानं विचारलं.

वसंता तोंड उघडणार तोच मी म्हटलं, धुतल्याशिवाय कळत नाही.

पाडवा

फिल्म धुवायची बाटली आणि औषधं वसंतानं बरोबर आणली होती. फिल्म बाटलीत भरेपर्यंत अंधार लागतो. माणात दिवसा अंधार फक्त घोंगड्याखाली मिळतो. धोंडिबांनी तीन घोंगडी दिली. वसंता ओसरीवर बसला आणि आम्ही त्याच्यावर एकावर एक तिन्ही टाकली. ऊन, लोकर, आणि फिल्म बाटलीतल्या चक्रीवर चढेना. घोंगडी हलायला लागली. आतून पुटपुटणं ऐकू यायला लागलं. मला ओळखीचं होतं, त्यातले शब्द मी इथं लिहीत नाही. पण अंगणात जमलेल्या मंडळींनी हात जोडले. कुणी तरी म्हणालं, “अंगात आलंय.” एकानं मला हळूच विचारलं की कुठला देव. मी म्हटलं, मिरजेचा.

वसंता बाहेर आला तेव्हा घामानं निथळत होता. मग औषध घालून बाटली तालात हलवायची होती. तो हलवायला लागला तसा म्हातारबाबांनी टाळीचा ताल धरला. औषध ओतून टाकायची वेळ आली तेव्हा त्यांनी पुढं होऊन उजव्या हाताची ओंजळ पसरली, तीर्थासाठी. वसंता घोंगड्याखाली बोलला नव्हता इतक्या मोठ्यानं ओरडला, तेव्हा कुठं ते मागं सरले. मंगळाचं तीर्थ पचत नाही, एवढं वाडीला कळलं. शेवटी हौसानं घागर वाकडी केली, वाटीनं नव्हे, सबंध घागर, आणि फिल्म धुतली गेली.

वसंतानं फिल्म उन्हाकडं धरली. त्याचा चेहरा एक्स-रेत न मोडलेलं हाड शोधणाऱ्या माणसासारखा झाला.

निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं हे तुम्हाला माहीत आहे. काळं आभाळ काचेसारखं स्वच्छ येतं आणि मंगळाचा काळा ठिपका होतो. पहिल्या फोटोंत ठिपका मधोमध होता, मोहरीएवढा, पण गोल. एकदम नामी. ढुशीनंतरच्या फोटोत तो बाजूला होता. पुढच्यात आणखी बाजूला. मग काठाला. मग अर्धा. शेवटच्या फोटोंत काही नव्हतं, मोकळं, धुतलेलं.

आत्यानं फिल्म हातात घेतली. काठाला बोटं लावून वसंताच्या नकलेनं उन्हाकडं धरली. हौसा दाराआड होती, तिची सावली तेवढी उंबऱ्याबाहेर आली होती. तानाजी आत्याच्या मागं उभा, आणि फिल्मकडं नाही, त्या सावलीकडं बघत होता.

“ह्यो काळा डाग म्हंजी त्यो,” आत्या म्हणाली.

“हो,” वसंता म्हणाला.

“हितं हाय.”

“आहे.”

“हितनं सरकला.”

“सरकला.”

आत्याचं बोट फिल्मवरून काठाकाठानं शेवटच्या फोटोवर आलं. “आन् हितं?”

वसंतानं माझ्याकडं बघितलं. मी आभाळाकडं बघितलं. मिरजेत ज्यानं बायकोच्या वाढदिवसालाही तिला वय खरं सांगितलं, त्या माणसाच्या जिभेवर हौसाचं लग्न बसलं होतं.

“इथं नाही,” वसंता म्हणाला.

दिसलं तेवढंच. एक अक्षर जास्त नाही.

पण आत्या कच्ची नव्हती. तिनं फिल्म खाली केली आणि त्याच्या डोळ्यांत बघून विचारलं, “परत येईल का?”

आता हा सांगणार, की बाई, तो आज संध्याकाळी पुन्हा उगवणार आहे. मी वसंताच्या पायावर पाय ठेवला, सगळा भार घालून. माझं वजन तेव्हा दहा मोठ्या तंबोऱ्यांएवढं होतं, भोपळे धरून.

वसंतानं फिल्मकडं पाहिलं. मग म्हणाला, “ह्या फोटोत आता परत येणार नाही, मावशी.”

खरं होतं. ब्रह्मदेव आला तरी त्या फोटोत मंगळ परत येणार नव्हता. आत्यानं मान हलवली, फिल्म वसंताला दिली, आणि वळून म्हणाली, “धोंडिबा, सुपारी हाय का घरात, का बाजाराला जायाचं?”

दाराआडची सावली आत गेली. तानाजीनं मला कडक सलाम ठोकला. का, ते त्यालाही ठाऊक नसावं. सुपारी फुटली. पैलवानाला गूळ चारला. बाकीच्या पत्रिकावाल्या बायांना वसंतानं सांगितलं की फिल्म संपली, आणि तेही खरं होतं.

परतीच्या एसटीत मी त्याला म्हटलं, गड्या, आज तू खोटं बोललास. तो विट्यापर्यंत विचार करत होता. मग म्हणाला, “एक्स-रेत जेवढं दिसतं तेवढंच मी लिहितो. पेशंट घरी जाऊन नाचतो की रडतो, हे फिल्मवर येत नाही.”

मिरज

पहिल्या फोटोंतला सगळ्यांत गोल मंगळ त्यानं मोठा करून घेतला, चौकट करून घरात समोरच्या भिंतीवर लावला. येणाराजाणारा विचारी, हा काय, डाग पडलाय का. आणि वसंता दरवेळी पहिल्यापासून सांगे.

पुढच्या दिवाळीला तानाजीचं बिऱ्हाडच मिरजेला उतरलं. सोनाआत्याचा गुडघा धरला होता, त्याचा एक्स-रे काढायचा होता. बरोबर तानाजी रजेवर आलेला, आणि हौसा, हिरव्या बांगड्या, अंगानं भरलेली. वसंता सगळ्यांना जेवायला घरी घेऊन आला. आत्या भिंतीला टेकली, पाणी प्याली आणि समोर बघून म्हणाली, “ह्यो कोण?”

वसंताच्या बायकोच्या हातातलं ताट तिथंच थांबलं. मी पाय शोधायला लागलो, पण या खेपेला वसंता लांब बसला होता.

“मंगळ,” वसंता म्हणाला.

तानाजीनं आत्याकडं बघितलं. आत्या फोटोकडं बघत होती. तेवढ्यात हौसा उठली, चौकटीपाशी गेली, पदरानं काचेवरची धूळ पुसली आणि म्हणाली, “म्हंजी तवापास्नं हितं नांदतोय व्हय ह्यो.”

आत्यानं वसंताच्या बायकोला विचारलं, “तरास न्हाई न्हवं देत?”

“नाही हो,” ती म्हणाली. “गरीब आहे.”

“आमच्याकडं लय तापट हुता.” आत्यानं गुडघा धरून उठायचं केलं. तानाजीनं हात दिला. तिनं आपल्या गाठोड्यातून कानवला काढला, चौकटीच्या वरच्या लाकडावर ठेवला आणि मंगळाकडं बघून म्हणाली, “माह्यारचं माणूस आलंय बाबा तुझं. रिकाम्या हातानं कसं यावं.”

दुसऱ्या दिवशी मी गेलो तर चौकटीवर कानवला नव्हता. मी वसंताला विचारलं, कुणी खाल्ला. तो म्हणाला, “आता तिथं नाही.”